एक पाणी बसायचं

१९८० साल. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि तोवर समुद्र पाहिला नव्हता.

आमचं गाव बीडच्या अंगाला. धंदा विहिरी खोदायचा. शाळेत चार बुकं झाली, पाचवं हातात धरलं तोच बापानं पहार दिली. विहिरीत खोल उतरलं की वर आभाळ तव्याएवढं दिसतं, आणि पाणी लागणार असलं की आधी खालून एक गार श्वास येतो. तो श्वास मला अजून झोपेत लागतो. पुढं वर्षंच अशी आली की पहार खाली खाली जाई आणि श्वास येईना. मग विहीर खोदून घेणारी माणसंच गाव सोडून गेली. शेवटी आम्हीही निघालो.

मालाडच्या एका पाहुण्यानं सांगितलं, मनोरीला जा. तिथल्या कोळ्यांच्या पोरी आता खाडी ओलांडून कंपन्यांत कामाला जातात, मासळी वाळवायला हात नाहीत. म्हणून मार्व्याहून होडीत बसलो. मी, बायको कौशी आणि आमची दहा वर्षांची मंगल. सांज होती आणि पाणी पार काठावर चढलेलं. कौशीनं उतरताना ओंजळ भरून तोंडात घातली, थुंकली आणि तरी हसली. म्हणाली, "खारं का हुईना, पाणी हाय." किती दिवसांनी हसली होती. आम्ही माडाखाली अंग टाकलं. पाणी कानाशी येऊन काहीबाही बोलत होतं.

सकाळी उन्हं वर आल्यावर उठलो तर पाणी नव्हतं.

खोटं सांगत नाही. जिथं काल होड्या डुलत होत्या तिथं नुसता चिखल, काळे दगड आणि दूरवर चकाकणारी एक रेघ. होड्या कुशीवर पडलेल्या, जनावरं पडतात तशा. कौशी उभी होती तिथंच बसली.

"अवो," ती म्हणाली, "इथलंबी आटलं."

आज कुणी ऐकलं तर हसेल. आम्ही हसलो नाही. पाणी जाताना आम्ही पाहिलेलं होतं. आधी ते असंच मागं सरकतं. कौशीनं बोचकं बांधलं, मंगलचा हात धरला, आणि आम्ही होडीच्या वाटेला लागलो. मीही थांबवलं नाही. पाणी नाही तिथं काम नाही, एवढंच मला ठाऊक.

वाटेत एक बाई आडवी आली. उंच, काळी, काष्ट्याचं लाल चौकड्याचं लुगडं, कानात सोन्याचे जड वेढे, गळ्यात क्रूस. डोक्यावर रिकामी पाटी.

"कंय चाल्लाव?"

"माघारी," कौशी म्हणाली. "तुमचंबी पाणी आटलंय, बाई."

ती बाई हसली नाही. याचसाठी मी तिला जन्मभर मानलं. तिनं पाटी खाली ठेवली, त्या चकाकत्या रेघेकडं पाहिलं, आणि एखाद्या घरात मयत झाल्यावर बोलतात तसं हळू बोलली, "पानी गेलंय. मेलेलं नाय. येल परत. बसा इथं. एक पानी बसा."

"आम्ही बसायला नाही आलो," मी म्हणालो. "कामाला आलोय."

"आज काम हेच हाय."

"मी बसणार नाही."

"मंग उबा रहा," ती म्हणाली आणि गेली.

कौशी आणि मंगल बसल्या. मी उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं, पाय भरून आले, पण बसलो नाही. बसलो असतो तर त्या बाईचं ऐकल्यासारखं झालं असतं. आणि मग दुपार कलताना ती रेघ रुंद झाली. आवाज नाही, काही नाही. एका दगडामागून पाणी आलं, मग दुसऱ्यामागून, जसं जनावर सांजेला न हाकता घरी येतं तसं. मी आजवर पाणी खालून वर येताना पाहिलेलं. आडवं चालत येतं हे पहिल्यांदा पाहिलं. मंगल टाळ्या पिटत पुढं धावली. कौशीच्या डोळ्यांतून धार लागली होती.

ती बाई परत आली. कौशीसमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "रडून झायलं काय?"

"झालं," कौशी म्हणाली.

"मंग उद्या ये. रडत आयलीस तर बोंबील सुकत नाय, पानी धरतो." मग माझ्याकडं मान वर करून पाहिलं. "आनि यो अजून उबाच?"

तिचं नाव कातरीनबाय. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडी 'उबा किसन' झालो. गावातल्या लहान पोरांनासुद्धा माझं दुसरं नाव ठाऊक नव्हतं.

कातरीनबायचा नवरा दर्यात गेला तो परत आला नव्हता. एकुलता मुलगा बोरिवलीला बँकेत. मागं उरली ती एक बोट, एक कौलारू घर आणि किनाऱ्यावर बांबूच्या उंच मांडवावर दोऱ्यांची रांग. त्या दोऱ्यांवर बोंबील वाळायचे. बोंबील टांगायची एक रीत आहे. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एकटा मासा राहत नाही, वाऱ्यानं खाली पडतो. कातरीनबाय नवरा-बायकोचं भांडण ऐकलं की दोरीकडं बोट दाखवायची. आमच्यावर तर तिला फारदा बोट दाखवावं लागलं.

तिला घड्याळ माहीत नव्हतं. "दोन पान्यानं ये" म्हणाली की दोन भरत्या मोजायच्या, हे ओळखायचं. मशेरी लावायला बसली की गावाचा निवाडा करूनच तोंड धुवायची. रविवारी केसांत अबोली माळून देवळात जायची, चर्चला इकडं देऊळच म्हणतात, आणि वाटेत दिसेल त्याला शिव्या देत जायची. मी एकदा म्हणालो, "बाय, देवळात चाललीस ना?" तर म्हणाली, "म्हनून तर आताच देऊन टाकते. आत नेऊ काय?"

आमच्यामागून खूप माणसं आली. आमच्याकडची, सोलापूरकडची, पुढं तेलुगू बोलणारी, गंगेकडची. ज्यांच्या ताटात मासा कधी आला नव्हता अशी. जात, गाव, देव यातलं ती काही विचारत नसे. प्रत्येकाला एक पाणी काठावर बसवायची. गेलेलं पाणी परत येताना डोळ्यांनी पाहिलं की माणूस पळून जात नाही, असा तिचा हिशोब. मग तोच प्रश्न. रडून झालं का. काही लोक नाही म्हणायचे. त्यांना अजून एक पाणी.

पहिल्या पहिल्यांदा तिनं मला 'घाट्या' म्हटलं. इकडं घाटावरच्या माणसाला तसंच म्हणतात. मी हातातली दोरी टाकली. "घाटी म्हणायचं नाही. मला नाव आहे."

"मना पन नाव हाय. तू पाठीमागं काय म्हनतोस? कोलीन."

"कोळीण आहेसच तू."

"तू घाटी नाय?"

मी दोरी उचलली नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कंबरेत वाकून, सगळ्या बायकांसमोर, म्हणाली, "किसनराव, येवढी दोरी उचला हो." बायका हसून हसून मांडवाला टेकल्या. मीसुद्धा हसलो. घाटी मात्र परत तिनं कधी म्हटलं नाही.

आता मनातलं सांगतो. मला बोंबील टांगून म्हातारं व्हायचं नव्हतं. रोजावर काय, कुणीही कुणालाही ठेवतं. मला वाळूवर माझा वाटा पाहिजे होता.

वाटा म्हणजे काय ते सांगायला हवं. बोट आली की विकायची मासळी वेगळी निघते. मग घरी खायच्या मासळीचे वाळूवर ढीग घालतात. बोटीवरच्या एकेका माणसाचा एक, आणि शेवटी एक बोटीच्या मालकिणीचा. एक माणूस ढिगांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगावर हात ठेवून विचारतो, "यो कुनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ढीग लहान की मोठा ते त्याला दिसत नाही, म्हणून कुणाचं भांडण नाही. आणि एकदा नाव पडलं की ते फिरत नाही. आमच्या गावी बकरं पडलं की पळसाच्या पानांवर असेच वाटे घालत. त्यामुळं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्याच्या नावाचा वाटा पडतो तो तिथला. बाकी सगळे पाहुणे.

मी कातरीनबायला म्हणालो, "मला बोटीवर घाल." तिच्या बोटीला माणूस कमी पडतच होता, गावातली तरणी पोरं नोकरीला लागलेली. पण बोट हाकणारा पास्कू तांडेल ऐकेना. बुटका, लाल डोळ्यांचा, तोंडात कायम विडी.

"बाय, यो विहिरीतला बेडूक. दर्यात मरल."

"तू बी आईच्या पोटात बेडूकच व्हता," कातरीनबाय म्हणाली.

शेवटी पास्कूनं घेतलं, पण पगारी म्हणून. रोज मिळेल, वाटा नाही.

पहिल्या दिवशी पहाटेच्या धुक्यात बोट निघाली आणि किनारा हळूहळू पुसला. आधी माड गेले, मग देवळाचा पांढरा मनोरा. पाणी आणि आभाळ एकच रंगाचं झालं, मधली शिवण दिसेना. विहिरीत तव्याएवढं आभाळ पाहिलेला माणूस मी. मला एवढं आभाळ पेलेना. वाटलं, मी वर पडतोय. ओकून ओकून आतडी तोंडाशी आली. पास्कू म्हणाला, "किसन, तल लागला काय रे?" मी म्हणालो, "लागेल." त्यानंतर रोज मी काहीतरी चुकायचो आणि रोज तो काहीतरी बोलायचा. पण मी उतरलो नाही. दोर ओढणं मला येत होतं. जाळं वर येताना खालून जो गार वास येतो, तो माझ्या विहिरीतल्या श्वासाचा सख्खा भाऊ होता. मला कुणी सांगायला नको.

बोट परत आली की वाटे पडायचे. कातरीनबाय समुद्राकडं तोंड आणि ढिगांकडं पाठ करून उभी राहायची, हात कमरेवर. पास्कू विचारायचा, ती नावं घ्यायची. मी बाजूला जाळं धूत उभा असायचो, ऐकत नाही असं दाखवत. असा सगळा हिवाळा गेला आणि पुढचाही. कौशी म्हणायची, "रोज मिळतोय ना? मग कशापायी तोंड पाडता?" मी उठून जाळं शिवायला घ्यायचो.

एक दिवस नेहमीसारखे ढीग घातले. पास्कू विचारत गेला. एकेकाचं नाव झालं. शेवटचा ढीग मालकिणीचा, त्यात विचारायचंही काही नसतं, पण रीत म्हणून त्यानं हात ठेवला.

"यो कुनाचा?"

"किसनचा."

पास्कूचा हात ढिगावरच राहिला.

"बाय, चुकलीस. यो तुजा हाय."

"नाव पडलं काय?"

"पडलं, पन..."

"मंग पडलं." ती वळलीसुद्धा नाही. समुद्राकडं पाहूनच म्हणाली, "किसन, उचल."

मला माझा वाटा पाहिजे होता, तिचा नव्हे. "भीक नको मला, बाय," मी म्हणालो आणि ढीग तसाच सोडून जाळ्याकडं गेलो. कुणी हलेना. कावळे जवळ यायला लागले. तेवढ्यात मांडवाखालून कौशी आली. हीच ती, बोचकं बांधून निघालेली. तिनं पदर पसरला, ढीग दोन्ही हातांनी त्यात भरला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाव तुमचं आसंल. पोट आमचं हाय."

तेव्हा कातरीनबाय वळली आणि असं हसली की पास्कूची विडी पडली.

कौशीनं ते मासे काळ्या मसाल्यात, शेंगदाण्याचा कूट घालून केले आणि आधी वाडगाभर तिलाच नेऊन दिले. तिनं एक घास खाल्ला. डोळे मिटले. "मेलेल्या मासलीला परत मारलंस गो," म्हणाली. पण वाडगा पुसून परत आला.

दुसऱ्या दिवशी बोट आली. पास्कूनं ढीग घालायला घेतले आणि कुणाशी न बोलता, कुणाकडं न पाहता, एक ढीग जास्तीचा घातला. विषय तिथंच संपला. मी पुढं कितीदा विचारलं, बाय, त्या दिवशी मुद्दाम की चुकून? ती म्हणायची, "पाठ व्हती ना माजी. मना काय दिसतंय?"

मंगल मोठी झाली ती कोळणीसारखं बोलतच. शाळा झाल्यावर तिला खाडीपलीकडं काम पाहिजे होतं. अंधेरीला औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायची एक कंपनी होती. मी न्यायचं ठरवलं, तर कातरीनबाय म्हणाली, "तू दारात उबा राशील आनि भांडशील. मी नेते." निघायच्या आदल्या दिवशी तिनं मंगलला काठावर एक पाणी बसवलं. मंगल म्हणाली, "माय, मी हितलीच हाय, मना कशाला?" ती म्हणाली, "तिथली नाय ना अजून."

पुढचं मंगलनं सांगितलेलं. कातरीनबाय सगळं सोनं घालून गेली होती. आतल्या माणसानं तिच्या गळ्यातला क्रूस पाहिला, मंगलचं आडनाव ऐकलं.

"मावशी, ही तुमची कोण?"

"नात."

"आडनाव जुळत नाही."

"आडनाव बापाचं हाय. नात माजी."

त्यानं नाक जरा मुरडलं. "इथं औषधं असतात. मासळीचा वास चालणार नाही."

"वास माजा हाय, तिचा नाय. मी कुठं लागते कामाला?"

तो हसला, आणि मंगल कामाला लागली. पहिल्या आठवड्यात ती घरी आली की कातरीनबाय दारात बसलेली असायची. "पानी आयलं काय गो तिथं?" मंगल नाही म्हणून मान हलवायची. एक दिवस म्हणाली, "आलं, माय." एक मैत्रीण झाली होती, मुलुंडकडून येणारी, दोघी एका डब्यात जेवायच्या. कातरीनबाय उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून दारात बसली नाही.

मग तिचे डोळे गेले. पुरते नाही, पण दोऱ्यांवरचे बोंबील तिला पांढऱ्या धुरासारखे दिसायला लागले. तरीही वाट्यांना ती उभी राहायची. तिथं डोळे लागतच नाहीत. १९८९च्या नाताळानंतर मुलगा आला. भला माणूस, हळू बोलणारा. म्हणाला, "आई आता बोरिवलीला. इथं पडली तर कोण बघणार?" मी म्हणालो, "आम्ही बघू." तो म्हणाला, "किसनभाऊ, लोक काय म्हणतील मला?" बोट आहे तशी चालू द्यायचं ठरलं, वाट्यांच्या रीतीसकट.

ती निघाली तेव्हा सगळी घाटावरची, सोलापूरची, तेलुगू, सगळी माणसं काठावर आली होती. कौशीनं तिच्या हातात वाळवलेल्या बोंबलांची पुडी दिली. कातरीनबायनं ती कमरेला खोचली. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. होडीत बसली ती आमच्याकडं पाठ करून. धुकं होतं. वाट्यांना उभी राहायची तशीच ती ताठ पाठ, काठापासून लांब लांब गेली, आणि मला वाटत राहिलं, आता कुणी विचारायला पाहिजे, यो कुनाचा, म्हणजे ती नावं घेईल. कुणी विचारलं नाही. लाल लुगडं धुक्यात विरलं. पाणी ओसरायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. ढीग पडले. पाठ करून कोण उभं राहणार म्हणून सगळे थांबले. पास्कूनं माझ्याकडं पाहून हनुवटी उडवली. मी समुद्राकडं तोंड केलं. त्यानं विचारलं, मी नावं घेतली. शेवटी तो म्हणाला, "यो कुनाचा?" आणि मी म्हणालो, "कातरीनबायचा."

तो वाटा मी केळीच्या पानात बांधला, खाडी ओलांडली आणि बोरिवली गाठली. तिसरा मजला. तिच्या सुनेनं दार उघडलं, पुडीकडं पाहून नाकाला पदर लावला, पण आत घेतलं. कातरीनबाय गॅलरीत जमिनीवर बसली होती, गजाला डोकं टेकून. खाली रस्ता, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. माझा वास लागला तशी मान वळवली.

"उबा किसन," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर पुडी ठेवली. तिनं पानावरून हात फिरवला, चाचपलं, ओळखलं.

"बाय," मी विचारलं, "रडून झालं का?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं. "नाय," म्हणाली.

सून आतून खुर्ची घेऊन आली. मी नको म्हणालो, आणि कातरीनबायच्या शेजारी खाली फरशीवर बसलो.